अण्णांचा गट आणि तुझा प्रबंध

(पत्र थोडक्यात : "मॅडम, मी कोल्हापुरात विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात पीएच.डी. करते. दुसरं वर्ष आहे. विषय ‘कोल्हापूर जिल्ह्यातील महिला सरपंचांचा राजकीय सहभाग : एक चिकित्सक अभ्यास’. आमचं गाव कागल तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, बरीच वर्षं एका गटाचं गावातलं काम बघतात. चुलते सोसायटीचे चेअरमन होते. प्रश्नावली घेऊन मी तालुक्यात फिरले, चाळीस फॉर्म भरून आणले. ‘गावातील निर्णय कोण घेते?’ या प्रश्नाला एक सोडून सगळ्यांनी ‘मी स्वतः’वर खूण केली आहे. पुष्कळ ठिकाणी उत्तरं सरपंचबाईंच्या मालकांनीच दिली. आमच्या गटाच्या गावात पोहे, चहा आणि वर ओटी. दुसऱ्या गटाच्या गावात उंबऱ्यावरच ‘अण्णांनी धाडलंय व्हय?’ मार्गदर्शक म्हणतात, तालुका बदलून बघा. मैत्रीण म्हणते, माझं आडनाव सांग. अण्णा म्हणतात, ‘काय लिहायचं ते लिही, पण कुणाचं नाव कागदावर आणू नको.’ मी काय करू?" — कागल तालुक्यातील एक वाचक)

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तुझ्या चाळीस फॉर्मांत मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती ‘मी स्वतः’वर खूण न केलेल्या त्या एका बाईंची. पत्रात तू त्यांना ‘एक सोडून’ म्हणून उरकून टाकलंस. त्यांनी खूण कशावर केली? त्या वेळी घरात कोण होतं? त्या कुठल्या गटाच्या, तुमच्या की समोरच्या? पहिल्यांदा जायचं ते त्यांच्याकडे, आणि या वेळी फॉर्म न घेता.

उरलेल्या एकोणचाळीस जणी खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. सोप्यात मालक खुर्ची टाकून बसलेत, दारात दीर उभा आहे, समोर अण्णांची लेक पेन उघडून विचारतेय की गावातले निर्णय कोण घेतं. ‘सांगतील तिथं सही करते’ असं कुठली सरपंच लिहून देईल? संध्याकाळपर्यंत ते वाक्य समोरच्या पॅनेलच्या कट्ट्यावर पोचणार, हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. ज्या प्रश्नाला अब्रूचं उत्तर एकच आहे, त्याला उत्तरही एकच येणार. आता यातून ‘९७.५ टक्के महिला सरपंच स्वतः निर्णय घेतात’ असा तक्ता काढता येईल, त्याखाली रंगीत पाय चार्ट येईल आणि शेवटच्या प्रकरणात ‘महिलांचे सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते’ हे वाक्य. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, ‘महिला सरपंच’ एवढे दोन शब्द टाकून बघ. असे प्रबंध कमी नाहीत. त्यात तुझ्या एकाची भर कशाला?

तालुका बदलू नकोस. तुझ्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, संशोधकाबद्दल लोकांचं मत आधीच बनलेलं असलं तर उत्तरं वाकतात. पण तू शिरोळला गेलीस, गडहिंग्लजला गेलीस, तरी ‘गाव कुठलं, कुणाची गं तू?’ हे विचारल्याशिवाय तिथंही कुणी पाट देणार नाही. दोन फोन झाले की तुझा गट त्यांना कळेल, आणि त्यांचा गट मात्र तुला कळलेला नसेल. तोटा दुहेरी. कागलमध्ये निदान तुला एवढं माहीत आहे की कुठल्या घरचं लग्न कुणी टाळलं आणि का टाळलं. बाहेरच्या संशोधकाला एवढं कळायला वर्ष जातं.

शिवाय कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगाच नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. पॅनेल असतं, त्याच्या उमेदवारांना कपबशी, विमान असली चिन्हं मिळतात आणि पॅनेलच्या मागे गट असतो. मंडलिक, मुश्रीफ, राजे, संजय घाटगे ही गटांची नावं तुमच्याकडे पोराटोरांना पाठ असतात. गट साखर कारखान्यातून निघतो, जिल्हा बँकेतून जातो, ‘गोकुळ’ दूध संघात गावच्या संस्थेच्या वतीनं मत देणाऱ्या ठरावधारकांपाशी थांबतो आणि गावातल्या दूध संस्थेच्या सचिवापर्यंत पोचतो. तालुक्याच्या पातळीवर दोन नेते एका व्यासपीठावर आले तरी गावात त्यांचे कार्यकर्ते एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. उलटंही घडतं. हे सगळं पाठ्यपुस्तकातल्या ‘राजकीय सहभाग’ या चौकटीत बसत नाही, आणि तुझ्या प्रश्नावलीत तर गटाबद्दल एकही प्रश्न नसणार, अशी मला दाट शंका आहे. ‘आपण कोणत्या पक्षाच्या?’ असा रकाना मात्र असेल.

मैत्रिणीचं आडनाव सांगायचं तर अजिबात नाही. ज्यांना आपण प्रश्न विचारतो त्यांना आपण कोण हे खरं सांगणं ही संशोधनाची पहिली अट आहे, आणि व्यवहार म्हणूनही ते अंगलट येईल. कागलच्या एसटी स्टँडवर उतरल्यापासून तासाभरात तू ओळखली जाशील. मग अण्णांच्या लेकीनं खोटं नाव सांगून माहिती काढली, ही गोष्ट तुझा प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडल्यावरही तालुक्यात सांगितली जाईल.

मैत्रिणीचा उपयोग वेगळ्या तऱ्हेनं कर. ती तालुक्याबाहेरची असेल तर पाच-सहा गावांत तेच प्रश्न तिनं तिच्या स्वतःच्या नावानं विचारावेत, त्याच सरपंचांना तू आधी किंवा नंतर भेटावंस. दोघींना मिळालेल्या उत्तरांत जो फरक पडेल तो तुझ्या प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण होऊ शकतो. गटाच्या मुलीला काय सांगितलं जातं आणि परक्या मुलीला काय, यावरून गट काय चीज आहे हे दिसतं. फक्त हे काम तिनं केलं आहे हे पद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ लिहायचं आणि मार्गदर्शकांना आधी सांगायचं. त्याच प्रकरणात तुझं घर, अण्णांचं गटातलं स्थान, चुलत्यांची चेअरमनकी हेही दीड-दोन पानं लिही. परीक्षकांना ते कबुलीजबाबासारखं वाटू नये, मोजमाप करणाऱ्यानं आपला तराजू आधी तपासून दाखवावा तेवढ्याच कोरडेपणानं लिही.

आता खरं काम. निर्णय कोण घेतं हे विचारून कळत नाही, एखादा निर्णय धरून त्याच्या मागे गेलं की कळतं. गावात दहा वर्षांत पाण्याची टाकी झाली असेल, स्मशानशेडची जागा बदलली असेल, गायरानातल्या अतिक्रमणाची भानगड झाली असेल. एक गाव, एक निर्णय. ‘टाकी इथंच का बांधली?’ असा प्रश्न टाक आणि गप्प बस. बाई बोलतील, मालक बोलतील, विरोधी पॅनेलचा सदस्य तर हमखास बोलेल, आणि तिघांची टाकी तीन वेगवेगळ्या कारणांनी तिथं बांधलेली असेल.

त्यानंतर प्रोसिडिंग बुक. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं इतिवृत्त काढून बस. घाईनं ठराव उतरवून घेऊ नकोस, कडेचं बघ. सूचक कोण, अनुमोदक कोण? सरपंचबाईंच्या नावावर बोललेलं एखादं वाक्य आहे का, की ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच? ग्रामसभा किती वेळा ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ झाली? गणपूर्तीला (कोरमला) पंधरा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी तेवढे मतदार लागतात, तहकूब सभेला ती अट नाही, म्हणून तहकूब करून मग दहा जणांत ठराव उरकण्याची युक्ती सगळीकडे माहीत आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यात आहे. तिचं इतिवृत्त वेगळं लिहिलंय की त्याच दिवशी, त्याच अक्षरात, त्याच पेनानं? सह्यांचं पानही नीट बघ. निवडून आल्यावरच्या पहिल्या महिन्यातली सरपंचबाईंची सही आणि तिसऱ्या वर्षातली सही शेजारी ठेव. काही गावांत अक्षर सुटं होत जातं, सही लफ्फेदार होते. काही गावांत सलग आठ सभांच्या सह्या एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसतात, शाई तीच, कलही तोच. आणि एखाद्या गावात अचानक ‘सरपंच यांनी या ठरावास विरोध नोंदविला’ असं वाक्य सापडतं. ते सापडलं की तुझा महिना सत्कारणी लागला.

पैशाचं एक विचार, कारण ते बायका मोकळेपणानं सांगतात. वित्त आयोगाच्या निधीतली बिलं आता ऑनलाइन निघतात, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. तो डोंगल कुठं असतो? बाईंच्या कपाटात, मालकांच्या खिशात, की पंचायतीतल्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये? पासवर्ड कुणाला पाठ आहे? ‘निर्णय कोण घेते’ या प्रश्नाला बाईंनी ‘मी स्वतः’ म्हटलं असेल, डोंगलच्या प्रश्नाला त्या हसतील आणि खरं सांगतील. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा विकास आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो. तो छापून सोबत ने, गप्पांना विषय मिळतो.

कागद मिळवायचे तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ग्रामसेवकांकडे जा. (त्यांचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, गावाला त्याचं काही नाही.) माहिती अधिकार हातात आहे, दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण गावात माहिती अधिकार टाकला म्हणजे केस टाकली असा अर्थ होतो, आणि टाकणारी अण्णांची लेक असेल तर तो गटाचा डाव ठरतो. त्यामुळं ते शेवटी. तहसील कार्यालयात उमेदवारांची शपथपत्रं आणि आरक्षणाच्या सोडतीचे कागद असतात, त्यांच्यासाठी कुणाच्या उंबऱ्यावर जावं लागत नाही.

सोडतीवरून एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देते, कारण मला यात तुझा प्रबंध दिसतो. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ला आली, २०२०ला रद्द झाली, २०२२ला परत आली. जानेवारी २०२१च्या निवडणुकांत सरपंच सदस्यांतून निवडले गेले, आणि त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली होती. ग्रामविकास खातं तेव्हा तुमच्याच तालुक्याच्या आमदारांकडं, हसन मुश्रीफांकडं होतं. म्हणजे पॅनेल निवडून आलं, गुलाल उधळला, आणि मग कळलं की सरपंच महिला आहे. पॅनेलमध्ये भरतीला म्हणून घेतलेली एखादी सून अशा वेळी सरपंच झाली. डिसेंबर २०२२च्या फेरीत उलटं : पद महिलेचं आहे हे आधीच ठाऊक, म्हणून गटानं बाई निवडली आणि ती गावाच्या थेट मतांवर आली. एकाच तालुक्यात अपघातानं झालेल्या सरपंच आणि गटानं पारखून उभ्या केलेल्या सरपंच अशा दोन्ही सापडतील. कुणाचा हात वर राहतो? सदस्यांतून आलेल्या बाईंवर तेच सदस्य अविश्वास दाखवू शकतात, मात्र पद महिला राखीव असेल तर तीन चतुर्थांश बहुमत लागतं. थेट आलेलीला हटवायला प्रकरण ग्रामसभेपुढंही जातं. हे संरक्षण बाईंना माहीत आहे का? त्यांच्या गटाला ते माहीत असतंच. तुला आठ गावं पुरतील, चार अशी आणि चार तशी. त्यातली निम्मी अण्णांचा गट जिथं दुबळा आहे अशी घे. जिल्हाभर फिरून तीनशे फॉर्म जमवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण संपणारं आहे.

भेटायची वेळ बदल. दुपारी घरी जाऊ नकोस, मालक असतात. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला बायका येतात, फॅटचा आकडा बघत थांबतात, तिथं उभी राहा. बचत गटाच्या मिटिंगला जा. भांगलणीला गेलेल्या सरपंच मी पाहिल्यात. बांधावर बसून त्या जेवढं बोलतात तेवढं पंचायतीच्या खुर्चीत बसून कुणी बोललेलं मला आठवत नाही. रेकॉर्डर पहिल्या भेटीत काढायचा नाही, नंतर विचारून. आणि मालक मध्ये बोलले तर त्यांना थांबवू नकोस. कोण कुठल्या प्रश्नाला मध्ये पडलं, बाईंनी कुठं त्यांचं वाक्य तोडलं, हे रात्री वहीत लिही. जुन्या चाळीस फॉर्मांच्या पाठीमागेही आठवेल तेवढं लिहून काढ. उत्तरं कामाची नसतील, ती कुणी दिली हे कामाचं आहे.

अण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बाईंनी विश्वासानं सांगितलेलं त्यांच्या नावानं छापायचं नाही, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘वेदगंगेकाठचं गाव, जिथं सासू आणि सून दोघी सरपंच झाल्या’ असं लिहिलंस की तालुका गाव ओळखणार. असे तपशील बदल, दोन गावांची वैशिष्ट्यं सरमिसळ कर आणि तसं केल्याचं एका वाक्यात नोंदव. पण इतिवृत्तातला ठराव, सोडत, अविश्वासाचं मतदान ही सार्वजनिक पदावरची कृती आहे; ती उघड लिहायला हरकत नाही, मग ती अण्णांच्या पॅनेलची असो. तिथं तू हात आखडलास तर परीक्षकांना कळो न कळो, समोरच्या गटाच्या गावांना कळेल.

अण्णांबद्दल मला काळजी वाटते ती दुसऱ्या कारणासाठी. रात्री जेवताना ते विचारणार, ‘मग, काय म्हणत्यात तिकडं?’ सहज विचारतील, लेकीचं कौतुकही असेल त्यात. तिथं एक वाक्य जरी बोललीस तरी तू संशोधक राहिली नाहीस, गटाची माणूस झालीस. विरोधी पॅनेलमधल्या बाईंनी डोंगल कुणाकडे असतो ते तुला सांगितलं आणि आठ दिवसांनी अण्णांच्या कार्यकर्त्यानं ग्रामसभेत तोच प्रश्न उभा केला, की तुझ्यासाठी आठही गावं बंद. म्हणून कामाला सुरुवात करण्याआधीच अण्णांना समोर बसवून सांग : तिकडचं इकडं येणार नाही, इकडचं तिकडं जाणार नाही. आई समोर असताना सांग, म्हणजे ते लक्षात राहील. वह्या घरी ठेवू नकोस, हॉस्टेलवर ठेव. आणि निवडणूक जाहीर झाली की मुलाखती बंद. फिर, बघ, वहीत लिही, पण गुलाल धुऊन जाईपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही.

मुदतीची धास्ती घेऊ नकोस. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्तीही त्या नियमांत राहिलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेसेज आले तर पुसून टाक. विभागाचे स्वतःचे काही नियम असतील ते कार्यालयात विचार.

मार्गदर्शकांकडे ‘तालुका बदलत नाही’ असं म्हणत जाऊ नकोस. त्यांचा आक्षेप मान्य करून त्यावरचा उपाय घेऊन जा. शीर्षक असं काहीतरी : ‘सरपंचपदाची निवडपद्धती, महिला आरक्षण आणि गटाचे राजकारण : कागल तालुक्यातील आठ ग्रामपंचायतींचा अभ्यास’. शीर्षक बदलायला संशोधन सल्लागार समितीची मान्यता लागेल. तुझं सहामाही सादरीकरण जवळ आलं असेल तर त्यातच मांड. अर्जासोबत दोन पानांचं टिपण जोड. त्यात चाळीस फॉर्मांचा अनुभव, ते उत्तर का चालत नाही, आणि एका गावाच्या प्रोसिडिंगमधून तू स्वतः उतरवून घेतलेला एक ठराव, सूचक-अनुमोदकांसकट. तो ठराव समोरच्या गटाच्या गावातला आण. समितीतल्या कुणीतरी ‘तुम्हाला तिथं कागद कसा मिळाला?’ असं विचारेल, आणि तुला सांगता येईल.